कौशल्यप्रशिक्षणाचे अर्थमापन

शिक्षण अर्धवट सुटलेल्या किंवा काम गेलेल्या प्रौढांची कमाई व्यवसायप्रशिक्षणाने किती वाढली आणि त्यावरचा खर्च भरून निघाला का, हे ठरवण्याची पद्धती. प्रशिक्षण घेतलेल्याची आजची कमाई विचारून कळते. ते घेतले नसते तर त्याने किती कमावले असते, याची नोंद कुठेच नसते. या विषयातील बहुतेक खटपट त्या दुसऱ्या आकड्यासाठी आहे.

अ‍ॅशेनफेल्टरचा खळगा : अमेरिकेत १९६२ च्या मनुष्यबळ विकास व प्रशिक्षण कायद्याखाली मोठ्या प्रमाणावर वर्ग सुरू झाले. त्यांतील १९६४ च्या तुकडीच्या कमाईच्या सरकारी नोंदी ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी तपासल्या (१९७८). वर्गात येण्याआधीच्या वर्षभरात प्रशिक्षणार्थींची कमाई घसरलेली दिसली. काम बरे चालले असताना वर्गाकडे कोण फिरकतो? म्हणून ‘नंतर’मधून ‘आधी’ची नुसती वजाबाकी फसवी ठरते. हंगाम संपल्याने घरी बसलेला गवंडी पुढच्या हंगामात आपोआप कामाला लागला, तरी श्रेय वर्गाच्या खाती पडते.

लालोंद कसोटी : ‘नॅशनल सपोर्टेड वर्क’ या १९७० च्या दशकातील प्रयोगात तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर आलेले, शाळा सोडलेले अशा अर्जदारांचे जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले होते : एक कार्यक्रमात घेतलेला, दुसरा वगळलेला. पुरुषांच्या १९७८ मधील कमाईत या गटांचा फरक लाभार्थ्यांच्या बाजूने सुमारे ८८६ डॉलर निघाला. रॉबर्ट लालोंद यांनी (१९८६) चिठ्ठीने वगळलेला गट बाजूला सारून त्याच्या जागी राष्ट्रीय पाहणीतले पुरुष तुलनेला घेतले. तेव्हा तेच लाभार्थी १५ हजार डॉलरांहून अधिक मागे पडलेले दिसले. सांख्यिकीय दुरुस्त्या केल्यावरही उत्तर पद्धतीगणिक बदलत राहिले. देहेजिया व वाहबा यांनी (१९९९) जोड्या जुळवण्याच्या सुधारित रीतीने खरे उत्तर गाठल्याचे दाखवले. स्मिथ व टॉड यांनी (२००५) त्यावर आक्षेप घेतले.

चिठ्ठीचे प्रयोग : अमेरिकेच्या रोजगार प्रशिक्षण भागीदारी कायद्याच्या परीक्षणात १६ केंद्रांवर सुमारे २०,००० अर्जदार होते; वगळलेल्यांना १८ महिने प्रवेश नव्हता. प्रौढांना माफक लाभ झाला, शाळाबाह्य तरुणांना जवळजवळ काहीच नाही.

भारत : दिल्लीतील गरीब वस्त्यांमधल्या स्त्रियांसाठीच्या सहा महिन्यांच्या शिवणवर्गाचा अभ्यास मैत्रा व मणी यांनी चिठ्ठीच्याच रीतीने केला. स्त्रियांनी वर्गात टिकून राहावे म्हणून दरमहा ५० रुपये भरून घेत. शिकलेल्या स्त्रियांत काम मिळवणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि घरी शिवणयंत्र असणाऱ्याही अधिक आढळल्या. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत (२०१५ पासून) प्रमाणपत्रे व नोकऱ्या मोजल्या गेल्या. त्या मोजदादीतून परिणाम कळत नाही.

विस्थापन : एकाला लागलेली नोकरी दुसऱ्याची हुकलेली असू शकते. याचे प्रमाण वादग्रस्त आहे.

सामाजिक लाभ : आरोग्य, आत्मविश्वास इत्यादी. हिशेबात सहसा धरत नाहीत.