चाकरी आणि विजयपद

संगमेश्वरीं नद्यांच्या संगमावर उभें राहिलें म्हणजे इतिहासाच्या वाचकास १ फेब्रुवारी १६८९ हा दिवस आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या दिवशीं संभाजी महाराज येथें शत्रूच्या हातीं सांपडले. ज्यानें त्यांस धरिलें तो मुकर्रबखान मूळचा मोगलांचा नव्हे. शेख निजाम या नांवानें तो गोवळकोंड्याच्या कुतुबशहाची चाकरी करीत असे. ती पातशाही बुडूं लागली तेव्हां, १६८७ मध्यें, तो औरंगजेबास मिळाला. आणि संगमेश्वरच्या कामगिरीनंतर खानजमान फतेजंग झाला. बुडत्या धन्यास सोडून चढत्या धन्याच्या छत्राखालीं कीर्ति जोडण्याचा हा मार्ग फार जुना आहे.

परंतु धनी बदलणारा प्रत्येक मनुष्य याच मार्गाचा, असें आम्ही म्हणत नाहीं. मराठी फौजेंत बारगिराचें घोडें सरकारचें, शिलेदाराचें स्वतःचें. म्हणून शिलेदारास धनी निवडण्याची मोकळीक अधिक. आमच्या क्रीडेच्या इतिहासांतही असा एक शिलेदार होऊन गेला. त्याचें नांव विजय हजारे.

हजाऱ्यांचा जन्म १९१५ साली सांगलीस एका शिक्षकाच्या घरीं झाला. प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. त्यांतील पहिल्या वर्षीं पुण्यास बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनीं नाबाद ३१६ धावा काढिल्या. आणि १९४१ मध्यें ते त्याच बडोद्याकडून खेळूं लागले!

याला फितुरी म्हणावें काय? त्या काळीं केवळ क्रिकेटवर प्रपंच चालत नसे. खेळाडूस आधार असे तो बहुधा संस्थानिकांच्या पदरच्या नोकरीचा. नागपूरचे सी. के. नायडूही असेच होळकरांच्या आश्रयास इंदुरास गेले. शिवाय हजाऱ्यांनीं सोडिला तो विजयी संघ, आणि धरिला तो असा कीं ज्यानें करंडक कधींच जिंकिला नव्हता. १९४२-४३ मध्यें बडोद्यानें तो प्रथम जिंकिला. पुढें मार्च १९४७ च्या अंतिम सामन्यांत होळकरांविरुद्ध हजारे (२८८) व गुल महंमद (३१९) यांनीं चौथ्या जोडीस ५७७ धावांची भर घातली. बडोद्याचा विजय एक डाव व ४०९ धावांचा. त्या भागीदारीचा जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला.

या निवडीनें महाराष्ट्राचें नुकसान झालें, हें आम्ही लपवीत नाहीं. १९४१ नंतर तो करंडक महाराष्ट्रास आजवर पुन्हां मिळाला नाहीं. अर्थात् त्याचा सारा दोष एका खेळाडूच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल.

खरी कसोटी पुढेंच लागली. १९४९ मध्यें बडोदें संस्थान विलीन झालें. गायकवाडांचें राज्य संपलें. शेख निजामानें अशाच वेळीं पाठ फिरविली होती. हजारे मात्र १९६१ पर्यंत बडोद्याकडूनच खेळले. या अवधींत बडोद्यानें आणखी दोनदां करंडक जिंकिला, आणि २००४ साली हजाऱ्यांनीं देह ठेविला तोही बडोद्यासच. धनी कोणीं केव्हां बदलला, एवढ्यावरून आम्ही माणसाची पारख करितों. धन्याचें छत्र गेल्यावर तो कोठें राहिला, हेंही पाहिलें पाहिजे.