सोन्यातली फुले वाचताना

जुन्या दागिन्यावर कमळ किंवा बेलपान दिसले की आपण आधी त्याचा अर्थ विचारतो. तो विचारायलाच हवा. पण या विषयात नव्याने येणाऱ्या अभ्यासकाला माझी विनंती आहे, की त्याच्याही आधी एक प्रश्न विचारावा: अख्ख्या झाडातून कारागिराने नेमका हाच भाग का उचलला? दाणा, कळी, फळ, पान की उमललेले फूल, ही निवड पुष्कळदा धातू, खडा आणि हत्यार यांनीच केलेली असते.

बोरमाळ घ्या. सोन्याचा पातळ पत्रा ठशात दाबून मण्याचे दोन अर्धे भाग उठवायचे, ते झाळून जोडायचे आणि पोकळीत लाख भरायची. थोड्या सोन्यात मणी भरदार दिसतो, आणि लाखेमुळे तो सहजी चेपत नाही. या रीतीला बोराचा किंवा जवाचा गुळगुळीत आकार मानवतो. सोनचाफ्याची मिटलेली कळीही तशीच. तिला वस्त्रात अडकणाऱ्या सुट्या पाकळ्या नाहीत, म्हणून चाफेकळ्या गळ्याभोवती दाटीने ओवता येतात. झाडाखाली पडलेल्या बकुळफुलाला मधोमध छिद्र असते, ती फुले सुईशिवायही ओवली जातात. बकुळहाराने तीच रचना सोन्यात आणली. मोत्याची पाकळी कोरता येत नाही, म्हणून कुडीत मधल्या खड्याभोवती मोती बसवून फूल साधले.

हाच प्रश्न दूरच्या वस्तूंनाही विचारता येतो. इराकमधील ऊर येथे पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना राणी पुआबीचा शिरोभूषणसंच सापडला. इ. स. पूर्व २५०० च्या सुमाराच्या या संचात सोन्याच्या पत्र्याची, विलोसारखी लांबट पाने आहेत. ठोकून पातळ केलेल्या सोन्याला पान होणे सोपे. उलट १६९५–९६ मध्ये कोरलेल्या २१७.८० कॅरटच्या मुघल पाचूवर फूल उथळ उठावातच फुलते, कारण पाचू कठीण आणि ठिसूळ.

या अभ्यासातली मोठी अडचण म्हणजे आटणी. घरोघरच्या जुन्या दागिन्यांचे सोने पुढच्या पिढीच्या लग्नात नव्या घडणीत गेले. म्हणून शिल्पे, भित्तिचित्रे, दौलतीच्या याद्या आणि सोनारांकडचे ठसे हीसुद्धा आपली साधने ठरतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या हातात खरे कमळ आहे आणि मस्तकी घडवलेला मुकुट. फूल आणि दागिना एकाच अंगावर कसे नांदत, हे तिथे पाहता येते.

या क्षेत्रात वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याचे, सोनाराचे आणि आजीच्या डब्यातली माळ जपणाऱ्या नातीचे सारखेच स्वागत आहे. सुरुवात घरापासून करा. दागिना आटणीला देण्यापूर्वी त्याचे वजन, घरातले नाव आणि घालण्याची रीत लिहून ठेवा, आणि छायाचित्र मागच्या बाजूचेही घ्या. कारागिराचे काम तिथेच सर्वांत स्पष्ट दिसते.