थंड हवामानातील विस्टेरियाची लागवड

विस्टेरिया ही शिंबावंत (फॅबेसी) कुलातील पानझडी, काष्ठमय महावेलींची प्रजाती आहे. तिच्या जाती पूर्व आशिया आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पूर्व भाग येथे मूळच्या आहेत. थॉमस नटॉल यांनी १८१८ मध्ये फिलाडेल्फियातील शरीररचनाशास्त्रज्ञ कॅस्पर विस्टार यांच्यावरून तिला हे नाव दिले. जांभळ्या, निळसर किंवा पांढऱ्या फुलांच्या लोंबत्या घोसांसाठी ती बागेत लावतात. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात वेल तग धरते. पण अनेकदा फुलत नाही.

फुलोरा न येण्याची कारणे

चिनी व जपानी विस्टेरियाच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. तीव्र थंडीने किंवा वसंतात उशिरा पडलेल्या दहिवराने त्या मरतात. बियांपासून वाढवलेल्या वेलीस फुले येण्यास २० वर्षेही लागू शकतात. त्यामुळे कलमी रोपे निवडतात. सावली आणि नत्रयुक्त खतांचा अतिरेक यांमुळेही केवळ पाने वाढतात.

जातीची निवड

अमेरिकन विस्टेरिया आणि तिच्या निकटची केंटकी विस्टेरिया पाने फुटल्यानंतर, चालू हंगामाच्या फुटीवर फुलतात. त्यामुळे हिवाळ्यात त्यांच्या फुलोऱ्याची हानी कमी होते. मिनेसोटा राज्यात निपजलेला ‘ब्लू मून’ हा केंटकी विस्टेरियाचा वाण सुमारे उणे ३४ अंश सेल्सियसपर्यंतची थंडी सोसतो.

वळण व छाटणी

वेल सूर्यप्रकाशात, निचऱ्याच्या जमिनीत लावतात. जुनी वेल अतिशय जड होत असल्याने मांडव किंवा भिंतीवरील तारा भक्कम असाव्या लागतात. एक मुख्य खोड उभे वाढवून बाजूच्या फांद्या आडव्या बांधतात. चिनी जाती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने, तर जपानी जाती काट्यांच्या दिशेने वेटोळे घेते.

छाटणी वर्षातून दोनदा करतात. जुलै-ऑगस्टमध्ये नव्या लांब फुटी ५-६ पानांवर आणि हिवाळ्याच्या अखेरीस त्याच फुटी २-३ डोळ्यांवर छाटतात. आशियाई जातींच्या हिवाळी छाटणीत फुगीर फुलकळ्या राखाव्या लागतात. सरसकट छाटणी केल्यास त्या वर्षाचा बहर जातो.

दक्षता

शेंगा व बिया विषारी असतात. चिनी व जपानी जाती अमेरिकेच्या पूर्व भागात आक्रमक ठरल्या असून त्या आधाराच्या झाडांना आवळून मारतात.