न बोलणाऱ्या श्रोत्याची मर्यादा

कोणतीही सभा घेतली, तरी तींत बोलणारे थोडे आणि ऐकणारे फार असतात. इतिहास मात्र बोलणाऱ्यांचाच लिहिला जातो. कीर्तनकाराचें नांव राहतें, वक्त्याचें छायाचित्र राहतें. पण मागच्या रांगेंत भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसलेल्या, एक शब्दही न बोललेल्या माणसाची नोंद कोणी ठेवीत नाहीं. त्याला कोणी लाजाळू म्हणतात, कोणी फुकट्या म्हणतात. बोलणाऱ्यानें आपली विद्या खर्च करावी आणि यानें ती मुकाट्यानें पदरांत घालून घरीं जावें, हें न्यायाचें आहे काय, असाही प्रश्न कोणी विचारील. या प्रश्नाचा विचार मराठींत फार पूर्वीं झालेला आहे. आणि तो करणाऱ्या एका थोर पुरुषाचा जन्म ज्या भूमींत झाला, ती आज जालना जिल्ह्यांत मोडते.

घनसावंगी तालुक्यांतील जांब या गांवीं इ. स. १६०८ मध्यें, रामनवमीच्या दिवशीं, समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधांत वीस दशक आणि प्रत्येक दशकांत दहा समास आहेत. ग्रंथ वक्त्याचा असला, तरी श्रोता त्यांत पदोपदीं उभा आहे. मध्येंच तो आशंका घेतो, वक्ता थांबतो, आणि त्या आशंकेच्या निमित्तानें पुढील निरूपण चालतें. चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीनें होतो. आणि अठराव्या दशकाच्या शेवटच्या समासाचें तर नांवच ‘श्रोता अवलक्षण’ असें आहे. अवलक्षण म्हणजे वाईट लक्षण. वक्त्याचे दोष काढणारे पुष्कळ भेटतात. श्रोत्याच्या दोषांना एक स्वतंत्र समास देणारा ग्रंथकार विरळा.

त्या समासांतील श्रोता आजच्याही सभेंत ओळखूं येईल. शरीर जागेवर आहे, मन भलतीकडे आहे. बसल्या बसल्या आळस येतो, जांभया येतात, झोप अनावर होते. तो न बोलतां बसला म्हणून समर्थ त्याला दोष देत नाहींत. ऐकण्याच्या जागीं बसून त्यानें ऐकलें नाहीं, हा त्याचा अपराध. म्हणजे मौन हा दोष नव्हे, अनवधान हा दोष. नवविधा भक्तींत श्रवणाला पहिलें स्थान मिळालें, तें याच विचारानें. परंपरेनें त्या भक्तीचा आदर्श म्हणून परीक्षित राजाला मानलें. सात दिवस त्यानें भागवत ऐकलें. आपण स्वतः कांहीं निरूपण केलें नाहीं, फक्त प्रश्न केले आणि चित्त दिलें. समर्थांच्याही पूर्वीं, शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें नेवासें येथें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीं ज्ञानेश्वर महाराज श्रोत्यांपाशीं मागतात तें अवधानच. ज्याच्यापाशीं मागणें मागावें, त्याच्यापाशीं देण्यासारखें कांहीं असलेंच पाहिजे. ऐकणारा हा केवळ घेणारा नसून देणाराही आहे, असा त्याचा अर्थ.

हें देणें कीर्तनाच्या रीतींत डोळ्यांना दिसतें. पूर्वरंग संपतो, कीर्तनकाराच्या गळ्यांत हार पडतो, बुक्का लावला जातो आणि नामाचा गजर होतो. तेवढ्यापुरता मुका श्रोताही मुका राहत नाहीं. टाळी आणि नाम त्याच्याही मुखीं येतें. मग उत्तररंग. शेवटीं आरतीचें तबक फिरतें आणि ज्याला जें जमेल तें तो त्यांत टाकतो. तबकांत कोणीं किती टाकलें हें विचारण्याची रीत नाहीं. मध्येंच उठूं नये, उठावेंच लागलें तर वांकून व बाजूनें जावें, मूल रडूं लागलें तर त्याला घेऊन बाहेर जावें, ऐकलेलें घरीं जाऊन चार माणसांना सांगावें. हे नियम कोणीं छापले नव्हते, पण देवळाच्या सभामंडपांत वाढलेल्या पोराला ते आपोआप येत.

वाचनाचीही प्रथम हीच स्थिति होती. पूर्वीं वाचणें म्हणजे मोठ्यानें वाचणें. चौथ्या शतकांत मिलान येथील बिशप अँब्रोज हे ओठ न हलवितां, नुसत्या डोळ्यांनीं ग्रंथ वाचीत, याचें संत ऑगस्टिन यांना इतकें नवल वाटलें कीं, त्यांनीं तें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें. आपल्याकडे चातुर्मासांत श्रीधरस्वामींचा हरिविजय किंवा पांडवप्रताप एकानें वाचावा आणि आळीनें ऐकावा, ही चाल होती. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें आणि मराठींत वृत्तपत्र आलें. तरी पुढें कितीएक वर्षें गांवोगांवीं पत्राचा अंक एक, वाचणारा एक आणि ऐकणारे दहा, असाच क्रम होता.

सार्वजनिक वाचनालयानें हा क्रम पालटला. १८९३ मध्यें ठाण्यास आणि १८९८ मध्यें मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालयें स्थापन झालीं. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं अमेरिकेंतून बोर्डन नांवाच्या ग्रंथपालास आणून १९१० मध्यें मध्यवर्ती ग्रंथालय उभें केलें. एका खोलींत वीस माणसें बसावीं, प्रत्येकानें निराळें वाचावें आणि कोणाचा आवाज होऊं नये, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी होती. तिच्याबरोबर नवा शिष्टाचार आला. शांतता राखावी. अंक अडवून धरूं नये. दुसरा ताटकळत उभा असेल, तर वाचलेला भाग आधीं मोकळा करावा. समासांत आपलीं मतें लिहूं नयेत, कात्रण फाडून नेऊं नये. वर्गणी देतां आली तर द्यावी, न देतां आली तरी वाचावें. सभामंडपांतील मर्यादा आणि वाचनालयांतील मर्यादा या मुळांत एकच आहेत: जागा सर्वांची आहे, म्हणून ती आपण येण्यापूर्वीं होती तशीच सोडून जावी.

परंतु मौन सर्वत्र एकाच जातीचें नसतें, हें जालन्याच्या इतिहासाइतकें स्पष्ट दुसरें कोण सांगेल? जालना तेव्हां निजामी राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. प्रजेची भाषा मराठी, राज्यकारभाराची उर्दू. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच ठेविलें गेलें. १९२१ मध्यें ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमानें सार्वजनिक सभेला पूर्वपरवानगीचा अडसर घातला. बोलावयास बंदी, पण वाचावयास वाट थोडीशी उघडी. मनमाडहून हैदराबादेकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर जालना आहे. त्या रुळांवरून सरकी आणि कापूस जसा गेला, तशी पुण्यामुंबईचीं पत्रेंही आंत आलीं. परभणीचें गणेश वाचनालय १९०१ पासूनचें. ज्या राज्यांत सभेला कुलूप होतें, तेथें वाचनालयाचें बांकडें हीच मराठी माणसाची सभा झाली. तेथील शांततेंत शिस्त होती, तशी सावधगिरीही होती.

हे मुके वाचक निष्क्रिय होते काय? १९३७ मध्यें परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. परतूर तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें, आज तें जालना जिल्ह्यांत आहे. त्या मांडवांत मराठवाड्याची प्रजा आपल्या भाषेंत आपलीं गाऱ्हाणीं बोलली. तेथें उमटलेला शब्द एका दिवसांत तयार झाला नव्हता. वर्षानुवर्षें खालीं मान घालून जें वाचलें गेलें, त्याचाच तो उच्चार होता. पुढें अकरा वर्षांनीं, सप्टेंबर १९४८ मध्यें, निजामी राजवट संपली. स्वेच्छेचें मौन ही सभ्यता, लादलेलें मौन हा अन्याय. आणि बोलण्याची वेळ आल्यावरही सोयीसाठीं धरलेलें मौन हा भ्याडपणा. या तिहींची गल्लत करूं नये.

आज त्याच भूमींत, १९८१ मध्यें स्वतंत्र झालेल्या जालना जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीं, एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आहे. लोखंड वितळवून सळया ओढणारे कारखाने तेथें अहोरात्र चालतात. भट्टीच्या गर्जनेपुढें माणसाचा शब्द ऐकूं येत नाहीं. पुष्कळ काम खुणांवरच चालतें. मराठवाड्यांतील खेड्यांतून आलेला गडी आणि उत्तरेकडून आलेला परभाषी मजूर एकाच पाळींत उभे असतात. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर वर्तमानपत्राचीं पानें सुटीं होऊन हातोहात फिरतात. एक वाचतो, दुसरा त्याच्या खांद्यावरून पाहतो, तिसरा नुसता ऐकतो. तेथें कोणी कोणास फुकट्या म्हणत नाहीं. पान चुरगाळूं नये आणि पुढच्याच्या हातीं द्यावें, एवढा जुना नियम तेथेंही पाळावा लागतो.

परंतु अशाच ठिकाणीं मौनाची खरी परीक्षा असते. तापलेल्या लोखंडाजवळ कसें वागावें हें नव्या मजुरास सांगितलें जातें. त्याला तें समजलें नाहीं आणि भिडेनें त्यानें नुसती मान डोलविली, तर त्या मौनाची किंमत हातापायानें, प्रसंगीं प्राणानें द्यावी लागते. दासबोधांतील श्रोता आशंका घेतो याचें मोल येथें कळतें. न समजतां गप्प बसणें ही नम्रता नव्हे. आणि ज्याला मान डोलवितांना पाहिलें, त्याला खरोखर समजलें कीं नाहीं, हें पुन्हां विचारणें हें सांगणाऱ्याचें कर्तव्य आहे. कारण भिडस्त श्रोता आपण होऊन तोंड उघडीत नाहीं.

तेव्हां न बोलणाऱ्यानें खंत करण्याचें कारण नाहीं. सर्वच बोलूं लागले, तर सभा राहत नाहीं, बाजार होतो. त्यानें अवधान द्यावें, जागेची मर्यादा राखावी, ऐकलेलें ज्याचें त्याच्या नांवानें पुढें सांगावें आणि शंका आली असतां ती निर्भयपणें विचारावी. एवढें करणारा श्रोता वक्त्याचा ऋणको राहत नाहीं. त्याचा भागीदार होतो.