अजगर, बूट आणि चौदा वर्षांचा खटला

तुमचे आई-बाबा नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात कॉलेजला असतील, तर आज जेवताना त्यांना एवढंच विचारा: "मिलिंद सोमण आणि अजगर?" एक जण हसेल, दुसरा विषय बदलेल. आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानात रांग लावणाऱ्या त्या पिढीला हा फोटो पक्का आठवतो. तो कशाच्या जाहिरातीत होता, हे मात्र अनेकांना चटकन सांगता येत नाही. तर, ती बुटांची जाहिरात होती. टफ शूज.

साल १९९५. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, दोघंही मराठी. अंगावर कपडे नाहीत, पायात बूट, आणि दोघांभोवती वेढा घातलेला अजगर. फोटो प्रबुद्ध दासगुप्ता यांनी काढलेला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात युतीचं सरकार आलं होतं आणि 'आपली संस्कृती' हा शब्द हवेत होता. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेने अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. आरोपी कोण? दोन्ही मॉडेल्स, फोटोग्राफर, जाहिरात संस्था, शिवाय ती जाहिरात छापणाऱ्या दोन मासिकांचे प्रकाशक आणि वितरक. अजगर वापरला म्हणून जाहिरात संस्थेवर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी केस. सगळे निर्दोष सुटले, पण २००९ मध्ये. त्या ऑगस्टमध्ये पहिलीत असलेलं मूल तोवर इंजिनिअरिंगला पोचलं होतं.

या गोष्टीतला मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग सहसा कुणी सांगत नाही. हे दोघं खरोखरच खेळाडू होते. सोमण पोहण्यातला राष्ट्रीय विजेता. सप्रे नागपूरची, ॲथलेटिक्समधून आलेली. १९९२ च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिला विचारलं गेलं, देशाची प्रमुख झालीस तर काय करशील? गरिबी हटवेन वगैरे ठरलेलं उत्तर न देता ती म्हणाली, उत्तम क्रीडा संकुल बांधेन. ती तिसरी आली, आणि या उत्तरानेच मुकुट गेला असं लोक अजून म्हणतात. म्हणजे बूट विकायला घाम गाळलेली दोन माणसं मिळाली होती, आणि जाहिरातीत धावणं नाही, मैदान नाही, घामाचा थेंब नाही.

का? माझा अंदाज असा. तोवर आपल्याकडे खेळाचे बूट म्हणजे शाळेतले पीटीचे पांढरे कॅनव्हासचे, फार तर बाटाचे पॉवर. १९९१ नंतर बाजार उघडला आणि चार-पाच वर्षांत रिबॉक, नायके, आदिदास मोठ्या थैल्या घेऊन दाखल झाले. नायकेने १९८४ मध्ये मायकल जॉर्डनशी करार केला तेव्हापासून या धंद्याला एक गोष्ट कळली होती: बूट विकायचा नसतो, तो घालणारा विकायचा असतो. देशी ब्रँडला जॉर्डन परवडणार नव्हता. गावभर चर्चा होईल असा एक फोटो परवडत होता.

आता त्या खटल्याचे कागद डोळ्यांसमोर आणा. नैतिकतेचा प्रश्न कुणाकुणाला लागू झाला? शरीर दाखवणाऱ्यांना, ते टिपणाऱ्याला, छापणाऱ्याला, विकणाऱ्याला. अजगराच्या बाजूनेसुद्धा एक कायदा उभा राहिला. बूट शिवणाऱ्यांचा त्यात उल्लेख असायचं कारणच नव्हतं. त्यांना काय मिळतं, हे विचारायला कुठलं कलम नव्हतं, आणि विचारायचं तरी कुणाचं नाव घेऊन?

अमेरिकेत तो प्रश्न निघाला तोही नावामुळेच. १९९२ मध्ये जेफ बॅलिंजर यांनी 'हार्पर्स' मासिकात नायकेचे बूट शिवणाऱ्या एका इंडोनेशियन बाईची पगाराची पावती छापली, तिच्या नावासकट. तासाला साधारण १४ सेंट. तुमच्या जवळचीच गोष्ट सांगायची तर, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात जिम कीडी नावाचा न्यू जर्सीचा तरुण फुटबॉल (इथला सॉकर) प्रशिक्षक होता. १९९८ मध्ये त्याने नायके घालायला नकार दिला आणि त्याला पद सोडावं लागलं. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांनी आपलं नाव गुलामीच्या मजुरीशी जोडलं गेल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि बुटांच्या कारखान्यांत १८ वर्षांखालचं कुणी कामावर घेणार नाही असं सांगितलं. कारखान्यांची यादी मात्र त्यांनी २००५ मध्ये उघड केली. तोवर ते 'व्यापारी गुपित' होतं.

आपल्याकडे 'बनवलं कुणी?' हा प्रश्न गाजला तो स्पोर्ट्स शूजवरून नाही, कोल्हापुरीवरून. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाली, कंपनीने ऋण मान्य केलं. हे जमलं कारण २०१९ पासून कोल्हापुरीला जीआय मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. पण मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका टिकली नाही: याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते. धारक आहेत लिडकॉम आणि लिडकर ही दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं, आणि डिसेंबरमध्ये प्राडाने करार केला तो त्यांच्याशीच. कातडं कापणाऱ्या-शिवणाऱ्या कारागिराला नाव मिळालं ते गावाचं, स्वतःचं नाही. तरीही १९९५ च्या मानाने ही मोठी मजल आहे, असं मला वाटतं.

सोमण आता अनवाणी धावतो, २०१६ मध्ये तर अहमदाबादहून मुंबईपर्यंत. जाहिरातवाल्यांना हे सुचलं नसतं!

तुम्ही वुडब्रिज सेंटरमधून घेतलेल्या बुटाची जीभ उलटून बघा. आतल्या लेबलवर देशाचं नाव दिसेल, बहुतेक व्हिएतनाम किंवा इंडोनेशिया. जोडी नायकेची असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर कारखान्यांचा नकाशा आहे. त्यात कारखान्याचं नाव आहे, पत्ता आहे, कामगार किती, त्यात बायका किती टक्के, हेही आहे. पगाराचा रकाना नाही.