इब्ने खल्दून आणि चौथी पिढी

समाजशास्त्राच्या पुस्तकांत तीन दृष्टिकोन ठरलेले असतात. दुर्खीमच्या वाटेने जाणारा कार्यवाद विचारतो, समाज एकत्र कशामुळे टिकतो? मार्क्सकडून आलेला संघर्षवाद विचारतो, या व्यवस्थेत फायदा कुणाचा? मीडच्या विचारातून आलेला प्रतीकात्मक आंतरक्रियावाद विचारतो, माणसं एकमेकांच्या वागण्याचा अर्थ कसा लावतात?

यातला पहिला प्रश्न दुर्खीमच्या सुमारे पाचशे वर्षं आधी इब्ने खल्दूनने विचारला होता. जन्म १३३२, ट्युनिस. तरुणपणीच प्लेगच्या साथीत आईवडील गेले. पुढे उत्तर आफ्रिका आणि अंदलुसच्या दरबारांत नोकऱ्या, मध्येच तुरुंगवास. अखेर आजच्या अल्जीरियातल्या एका किल्ल्यात राहून १३७७ मध्ये त्याने ‘मुकद्दिमा’ लिहून काढला.

त्याचा मुख्य शब्द ‘असबिया’. उर्दूत ‘असबियत’ आणि ‘तअस्सुब’ हे त्याच धातूचे शब्द आपण दुराग्रह, पक्षपात या अर्थी वापरतो. इब्ने खल्दूनला मात्र त्यात एकमेकांसाठी उभं राहण्याची ताकद दिसली. वाळवंटातल्या कष्टाच्या जगण्यात ती वाढते, तिच्या जोरावर सत्ता मिळते, आणि शहरातल्या ऐषारामात ती विरते. एका घराण्याची सत्ता साधारण तीन पिढ्या, म्हणजे १२० वर्षं टिकते, असा त्याचा हिशेब होता. लोकांच्या राहणीतला फरक तो त्यांच्या उपजीविकेच्या साधनांवरून समजावतो, हेही विशेष.

इजिप्तचे अंध विद्वान ताहा हुसैन यांनी पॅरिसला जाऊन याच इब्ने खल्दूनवर प्रबंध लिहिला. त्यांचे एक मार्गदर्शक होते खुद्द दुर्खीम.

हे वाचून आपली छाती फुगते. “समाजशास्त्राचे जनक आमचेच!” जलशांतून, व्हॉट्सॲपवरून हे वाक्य फिरत असतं. पण ‘मुकद्दिमा’तच घराण्याच्या प्रतिष्ठेच्या चार पिढ्या सांगितल्या आहेत. पहिली कष्टाने नाव कमावते. दुसरी तिच्याकडून प्रत्यक्ष शिकते. तिसरी नुसती नक्कल करते. चौथीला वाटतं, हा मान आपल्याला जन्मानेच मिळालाय. त्यासाठी काही करावं लागतं हेच ती विसरते.

आपल्या वस्त्यांत अशी किती घरं आहेत, जिथे इब्ने खल्दूनचं नाव माहीत आहे आणि दहावीनंतर मुलीची शाळा सुटली आहे? तो आज आला असता तर आपल्या अभिमानाला त्याने कितव्या पिढीत मोजलं असतं, हे मला माझ्या वर्गातल्या मुलांना विचारायचं आहे.