तीर्थोपाध्यायांच्या वहीची कुळकथा

त्र्यंबकेश्वरी आलेल्या यजमानापुढे तीर्थोपाध्याय जी नामावळीची वही उघडतात, तिने पिढ्यान्‌पिढ्या दानाची भूमिका तयार केली असली, तरी तिचा उगम श्राद्धविधीत आहे. पिंडदानात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नावगोत्रासह उच्चार करावा लागतो, मातृकुळातील पितरांचीही नावे लागतात, आणि दूर गावाहून आलेल्या माणसाला पणजोबांचे नाव आठवतेच असे नाही. ही उणीव वहीने भरून काढली. यजमानकृत्याचा, म्हणजे ठरावीक कुळांचे पौरोहित्य करण्याच्या वंशपरंपरागत हक्काचा, दाखलाही हीच वही ठरली.

जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत आहेत. आडनाव किंवा मूळ गाव सांगितले की पान निघते. त्यावर आलेल्याचे नाव, भाऊ, मुलगे, पुतणे, येण्याची तिथी आणि शेवटी त्याच्याच हातची सही असते. गुरू सिंह राशीत येतो त्या, म्हणजे सुमारे बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात कुशावर्तावर स्नानाला आलेली कुळे आपल्या नव्या पिढीची त्यात भर घालीत.

तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या दानखंडात दाता, पात्र, देय वस्तू, देश आणि काळ यांचा विस्ताराने विचार केला आहे; वहीने त्यातील दात्याला त्याच्या कुळासह उभे केले. गोदानाचा वा अन्नदानाचा विषय निघण्याआधी पणजोबांची सही वाचून दाखवली गेली, आणि तिच्याजवळ त्यांच्या दानाचा उल्लेख असला, की यजमानाला ते आपल्याच घरचे अपुरे राहिलेले काम वाटे. तुलनेसाठी पाहावे तर, हार्वर्ड महाविद्यालयासाठी १६४३ मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तिकेने देणगीदारांना संस्थेचा वृत्तांत सांगितला. त्र्यंबकची वही दात्याला त्याचाच वृत्तांत सांगते, आणि मागण्यापूर्वी काही देते, म्हणून तिची पायाभरणी अधिक खोल आहे. लोभी माणसाच्या हाती हेच साधन भिडेचे हत्यार होऊ शकते, हेही खरे.

तीर्थक्षेत्रांच्या अशा वह्या वारसाच्या वादांत न्यायालयांपुढेही पुरावा म्हणून आल्या आहेत. मोडी वाचणारे मात्र आता थोडे उरले आहेत. म्हणून त्र्यंबकला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपले पान वाचून घ्यावे, त्याचे देवनागरीत लिप्यंतर करवून ठेवावे आणि लेकीसुनांच्या नावांसह पुढची नोंद स्वतःच्या हाताने करावी.